एका चिपचे फायदे, आणि ते पडतात कोणाच्या पदरात

आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, की हा तर परीक्षेतला प्रश्न झाला. ‘सिंगल-चिप डिजिटल सिग्नल प्रोसेसरचे फायदे लिहा.’ इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला उत्तर पाठ असतं. आकार लहान, किंमत कमी, वीज कमी, वेग जास्त, सगळे नग एकसारखे आणि प्रोग्रॅम बदलण्याची सोय. सहा मुद्दे लिहिले की गुण मिळाले.

या यादीतला एकही मुद्दा खोटा नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरीही आम्हाला ती अपुरी वाटते. कारण ती यंत्र बनवणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली आहे. यंत्र वापरणारा माणूस तिच्यात कुठेच नाही. म्हणून आज आपण ही यादी उचलायची आणि बारामती-इंदापूरच्या शिवारात नेऊन तपासायची. तिथे दोन ठिकाणी या जातीच्या चिपचा शेतकऱ्याच्या पैशाशी थेट संबंध येतो. एक, सौर पंपाच्या कंट्रोलरमध्ये. दुसरं, उसाच्या वजनकाट्यात.

आधी चिप समजून घेऊ

सिग्नल म्हणजे वेळेनुसार बदलणारी आणि मोजता येणारी कोणतीही गोष्ट. आवाज, मोटारीतला करंट, काट्यावरचा भार. ती ठरावीक अंतराने मोजायची, प्रत्येक मापाचा आकडा करायचा आणि त्या आकड्यांवर गणित करायचे, याला डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग म्हणतात. यातलं बरंचसं गणित एकाच साच्याचं असतं. बाजार समितीतली पट्टी डोळ्यांसमोर आणा. इतके क्रेट गुणिले इतका दर, अधिक पुढचे क्रेट गुणिले त्यांचा दर, असं करत शेवटी एक बेरीज. डीएसपी दिवसभर हेच करतो. फरक इतकाच, की पट्टी करणारा माणूस पुढच्या शेतकऱ्याला ‘जरा थांबा’ म्हणू शकतो. सिग्नल थांबत नाही. पुढचा आकडा येण्याआधी मागच्याचा हिशोब पुरा झालाच पाहिजे.

सत्तरच्या दशकातल्या साध्या मायक्रोप्रोसेसरला इथेच दम लागायचा. ८०८५ किंवा झेड-८० घ्या, त्यांच्यात गुणाकाराचा आदेशच नव्हता. पुन्हा पुन्हा बेरजा करून गुणाकार काढावा लागे. वेग हवा असेल तर गुणाकाराला वेगळी चिप, स्मृतीला आणखी चिप्स, आणि हे सगळं जोडायला मोठा बोर्ड. मग १९७९मध्ये इंटेलने २९२० आणली. तिच्यात बाहेरच्या सिग्नलचे आकडे करणारा आणि आकड्यांचा पुन्हा सिग्नल करणारा, असे दोन्ही भाग होते, पण गुणाकाराचे यंत्र नव्हते. १९८०मध्ये जपानच्या एनईसीने आपली ७७२० मांडली. त्याच सुमारास अमेरिकेत बेल लॅब्जने स्वतःची डीएसपी-१ केली. आणि १९८२मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस३२०१० जाहीर झाली.

या टीएमएस३२०१०मध्ये १६ बिटांचे दोन आकडे गुणणारे यंत्र चिपच्या आतच होते. आदेश ठेवायची जागा वेगळी, आकडे ठेवायची वेगळी. म्हणजे कोठाराला दोन दारं, एकातून आदेश आणि दुसऱ्यातून आकडे, मधे दाटी नाही. एक साधा आदेश २०० नॅनोसेकंदांत पुरा व्हायचा. म्हणजे सेकंदाला ५० लाख आदेश. हा आकडा लक्षात ठेवा, पंपाजवळ गेल्यावर लागेल.

पुढे नव्वदच्या दशकात खास मोटारी चालवण्यासाठीच्या डीएसपी आल्या. करंट-व्होल्टेज मोजणारा भाग, वेळ मोजणारे टायमर, स्विच उघडझाप करणारे सिग्नल आणि प्रोग्रॅमची स्मृती, सगळे एका चौकोनी तुकड्यात. टेक्सासची सी२००० ही मालिका त्यातलीच. आज मोटारीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या अनेक ड्राइव्हमध्ये याच घराण्यातली चिप सापडते.

पंपाजवळ

आता शिवारात या. बारामती तालुक्यात एकीकडे नीरा डाव्या कालव्याखालचा बागायती पट्टा आणि दुसरीकडे सुपे, मोरगावकडचा जिरायती भाग. इंदापूरला एका अंगाला कालव्याचं शेपूट, दुसऱ्या अंगाला उजनी धरणाचा फुगवटा. उन्हाळ्यात फुगवट्याचं पाणी मागे हटलं की मोटारी, केबल, पाइप घेऊन लोकांना त्याच्या मागे जावं लागतं. विहीर असो, बोअर असो की फुगवटा, पाणी उचलल्याशिवाय इथे ऊस नाही, डाळिंब नाही आणि जनावराला वैरणही नाही.

हे पाणी वर्षानुवर्षे साध्या स्टार्टरने उचललं. स्टार्टरमध्ये कॉइल, रिले आणि कॉन्टॅक्ट. बिघाड झाला तर डोळ्यांना दिसतो, नाकाला कळतो. कॉन्टॅक्ट काळा पडलेला असतो, जळक्या कॉइलचा वास येतो. गावातला वायरमन झाकण उघडतो, पॉलिश पेपर मारतो, कॉइल बदलतो आणि संध्याकाळपर्यंत मोटार चालू. पण स्टार्टरला दोनच गोष्टी माहीत: चालू आणि बंद. ५० हर्ट्झची थ्री-फेज वीज मिळाली तर मोटार पूर्ण वेगाने फिरवायची, नाही तर थांबवायची.

सौर पॅनेलला हे चालत नाही. सकाळचं ऊन वेगळं, दुपारचं वेगळं, ढग आला की आणखी वेगळं. पॅनेलवर ओढ वाढवत नेली की करंट वाढतो, पण एका मर्यादेनंतर व्होल्टेज कोसळतं. या दोन्हींचा गुणाकार म्हणजे मिळणारी पॉवर. तो सर्वांत मोठा कुठे होतो, तो बिंदू उन्हाबरोबर सरकत राहतो. कंट्रोलरमधली चिप थोडी पुढे जाऊन बघते. गुणाकार वाढला तर त्याच दिशेने आणखी एक पाऊल, घटला तर माघारी. रात्री बॅटरीविना बांधावरून पाय चाचपत चालावं, तसं हे काम.

त्याच वेळी दुसरं काम चालू असतं. पॅनेलची वीज डीसी, मोटार थ्री-फेज एसी. म्हणून सहा इलेक्ट्रॉनिक स्विच विशिष्ट क्रमाने उघडझाप करून एसी बनवायची. समजा ही उघडझाप सेकंदाला १०,००० वेळा करायची ठरवली. म्हणजे प्रत्येक खेपेला हाताशी १०० मायक्रोसेकंद. तेवढ्यात करंट मोजा, व्होल्टेज मोजा, पुढची वेळ काढा, काही बिघाड आहे का बघा. मघाचा आकडा आठवा. सेकंदाला ५० लाख आदेश, म्हणजे १०० मायक्रोसेकंदांत ५००. १९८२ची चिपसुद्धा काटकसरीने हे काम उरकू शकली असती. आजची ६० मेगाहर्ट्झवर चालणारी साधी कंट्रोल चिप घेतली तर तेवढ्याच वेळात तिला ६,००० ठोके मिळतात. म्हणून कोरड्या बोअरमध्ये मोटार फिरू नये याची काळजीही तीच घेते. पाणी संपलं की मोटारीवरचा भार हलका होतो, करंट घटतो आणि चिप ते ओळखून मोटार थांबवते. विहिरीत वेगळी तार सोडायची गरज नाही.

आता फायद्याचा हिशोब करू. पंपाला लागणारी पॉवर साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ५० ऐवजी ३५ हर्ट्झवर, म्हणजे ७० टक्के वेगाने फिरवला, तर ०.७ गुणिले ०.७ गुणिले ०.७, म्हणजे सुमारे ३४ टक्के पॉवर पुरते. ऊन एक तृतीयांश राहिलं तरी पंप फिरतो. स्टार्टरला हे सात जन्मात जमलं नसतं. हा फायदा अस्सल आहे, त्याचं श्रेय चिपला दिलंच पाहिजे.

पण थांबा. याच गणिताची दुसरी ओळ माहितीपत्रकावर छापलेली दिसत नाही. पंपाचा दाब वेगाच्या वर्गाने घटतो. ७० टक्के वेगाला दाब उरतो ४९ टक्के, म्हणजे जेमतेम निम्मा. फुगवट्यातून किंवा उथळ विहिरीतून पाणी उचलायचं असेल आणि लांब पाइपातलं घर्षण हाच मोठा भार असेल, तर वेग घटल्यावर तो भारही घटतो. पाणी कमी येईल, पण येईल. बोअरमध्ये पाणी ३०० फूट खाली असेल तर वेग कमी केल्याने ते ३०० फूट कमी होत नाहीत. एका मर्यादेखाली मोटार फिरत राहते, पडद्यावर हर्ट्झचा आकडा दिसतो आणि पाइपाच्या तोंडाला थेंब नाही. शेतकरी म्हणतो, यंत्र बिघडलं. तंत्रज्ञ म्हणतो, यंत्र बरोबर आहे. दोघंही आपापल्या जागी खरे. चूक कुठे आहे? ‘ढगाळ दिवशीही पाणी’ हे वाक्य फुगवट्याच्या कडेला आणि मोरगावच्या माळावर एकाच सुरात सांगितलं गेलं, तिथे. चिप एकच असली तरी पाण्याची पातळी एक नसते. आमच्या मते फायद्यांच्या यादीवरचा हा पहिला आक्षेप: फायदा चिपचा नसतो, चिप जिथे बसवली त्या जागेचा असतो.

विश्वास ठेवण्याजोगी, पण काय?

यादीतला पुढचा मुद्दा, जो तोंडी परीक्षेत हमखास येतो: सुटे भाग कमी, जोड कमी, म्हणून बिघाड कमी. चिपपुरतं हे शंभर टक्के खरं. पण चिप एकटी काम करत नाही. तिच्याभोवती ते सहा पॉवर स्विच आहेत, पंखा आहे आणि मोठे कपॅसिटर आहेत. या कपॅसिटरचा एक ढोबळ नियम अभियंते वापरतात. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं. आता पत्र्याची पेटी, मे महिना, इंदापूरचं ऊन. वर धूळ बसून पंखा जॅम झालेला, आत मुंग्यांनी घर केलेलं. चिप ठणठणीत असते आणि पेटी बंद पडते. साखळीतली एक कडी पोलादाची केली म्हणून साखळी पोलादी होत नाही.

बरं, बंद पडली तर दुरुस्त होईल का? कपॅसिटर ही काही दुर्मीळ वस्तू नव्हे. मोटार वायंडिंगच्या दुकानातला हुशार कारागीर तो ओळखतो, बदलूही शकतो. पण बऱ्याच पेट्यांवर सील असतं आणि सील तोडलं की हमी गेली. काही ठिकाणी बोर्डावर राळेसारखा लेप ओतलेला असतो. तो ओल आणि धुळीपासून वाचवतो, तसा हातालाही अडवतो. आणि समजा बोर्डच बदलायची वेळ आली, चिपसुद्धा बाजारात मिळाली, तरी नवी चिप कोरी असते. प्रोग्रॅम कंपनीकडे. जुन्या चिपमधून तो वाचून घ्यावा म्हटलं तर तिला सांकेतिक कुलूप. अशी कुलपं चिप बनवणारेच देतात. नक्कल होऊ नये हा त्यांचा हेतू आहे आणि तो रास्त आहे. पण तेच कुलूप दुरुस्तीलाही लागतं, त्याचं काय?

म्हणजे बघा, पूर्वी यंत्राचं शहाणपण कॉइल, रिले, तारा यांत पसरलेलं होतं. ते ओबडधोबड होतं, पण गावात वाचता येत होतं. आता ते नखाएवढ्या जागेत गोळा झालं. यंत्र सुधारलं, यात शंका नाही. पण ते वाचण्याचा अधिकार गावातून उठून दूर कुठेतरी गेला. ‘सगळे भाग एका चिपमध्ये’ या फायद्याची ही दुसरी बाजू.

हा नुसता तात्त्विक प्रश्न नाही. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत ३, ५ आणि ७.५ अश्वशक्तीचे पंप मिळतात. सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के, आणि पाच वर्षं दुरुस्तीची हमी. योजना म्हणून हे चांगलंच आहे. पण पॅनेल वीस-पंचवीस वर्षं टिकतं. मग सहाव्या वर्षी मे महिन्यात कंट्रोलर बसला तर? उभ्या उसाला किंवा भर बहरातल्या डाळिंबाला ‘सुटा भाग येईपर्यंत थांब’ असं सांगता येत नाही. आठ-दहा दिवस पाणी चुकलं की वर्षाचा हिशोब चुकतो.

याच चिपची उजळ बाजूही याच शिवारात आहे. पंपाची गरज वर्षाचे सगळे दिवस नसते. पाऊस झाला की पॅनेल नुसतं ऊन खात बसतं. केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने म्हणून ‘युनिव्हर्सल सोलर पंप कंट्रोलर’ची कल्पना पुढे आणली. त्याच कंट्रोलरवर पंप नसेल तेव्हा कडबाकुट्टी चालवा, पिठाची चक्की चालवा. पॅनेल तेच, चिपची जातही तीच. बदललं काय, तर मुख्यतः गणित. यादीतला सहावा मुद्दा, प्रोग्रॅम बदलण्याची सोय, तो हा. आमच्या दृष्टीने बाकीचे पाच मुद्दे याच्या पाठीमागून चालतात. गणित बदलता येणं हीच या चिपची खरी ताकद, आणि ते बदलण्याची मुभा कोणाच्या हातात आहे, यावर फायदा कोणाच्या पदरात पडणार हे ठरतं.

काट्यावर

हेच विधान आता दुसऱ्या ठिकाणी घासून पाहू. बारामती-इंदापुरात सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर अशी कारखान्यांची रांगच आहे. आपण कोणत्याही एका कारखान्याबद्दल बोलत नाही, काट्याच्या तंत्राबद्दल बोलतो आहोत. ‘काटा मारणे’ हा शब्दप्रयोग मात्र महाराष्ट्रातल्या प्रत्येक ऊस उत्पादकाला माहीत आहे. तो शब्द आहे, म्हणजे शंका आहे. आणि शंका का आहे, हे तंत्राच्या अंगाने समजून घ्यायला हवं.

काट्याखाली लोडसेल असतात. भार पडला की त्यांच्यातून काही मिलिव्होल्टचा सिग्नल येतो. समजा ६० टनांच्या पूर्ण भाराला ३० मिलिव्होल्ट, आणि काटा १० किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतो. ६० टनांत १० किलोचे टप्पे ६,०००. ३० मिलिव्होल्ट भागिले ६,०००, म्हणजे एका टप्प्याला ५ मायक्रोव्होल्ट. प्रत्यक्षात प्लॅटफॉर्मचं स्वतःचं वजन धरलं तर वाट्याला याहूनही कमी येतं. व्होल्टचे दहा लाख भाग करायचे आणि त्यातले पाच ओळखायचे! तेही ट्रॅक्टरचं इंजिन धडधडत असताना, ट्रॉली डोलत असताना आणि शेजारच्या विजेच्या तारेची ५० हर्ट्झची गुणगुण सिग्नलमध्ये मिसळलेली असताना.

हे काम एका चिपमधलं मोजणारं आणि गाळणारं गणित करतं. ५० हर्ट्झचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. सरासरीची खिडकी २० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवली की गुणगुणीचा चढ आणि उतार एकमेकांना खाऊन टाकतात. उरलेल्या गोंधळासाठी अनेक मापांची सरासरी. ५० मापं घेतली तर विस्कळीत गोंधळ साधारण सात पटींनी घटतो, कारण ५०चं वर्गमूळ सातच्या आसपास. तापमानाने फिरणारे पोटेन्शियोमीटर नाहीत, रोज जुळवाजुळव नाही. आज दिसलेला आकडा उद्याही तसाच यावा, ही या चिपची कमाई. अ‍ॅनलॉग काट्याला ही स्थिरता सहज येत नव्हती.

पण जो आकडा गणिताने सुधारतो, तो गणितानेच बिघडवताही येतो. शेवटच्या पायरीवर एक गुणक असतो. मिलिव्होल्टचे किलो करणारा. तो १ टक्क्याने हलवला तर २० टनांच्या खेपेमागे २०० किलो. टनाला समजा ३,००० रुपये धरले तर एका खेपेला ६०० रुपये. प्लॅटफॉर्मवरच्या चिखलामुळे शून्य सरकतं, ते आपोआप सांभाळण्याची सोय असते. तिची मर्यादा सैल ठेवली तर तीही शंकेला जागा देते. जुन्या तरफेच्या काट्यात खोट करायची तर लोखंडात करावी लागे, वाकून बघणाऱ्याला ती सापडण्याची शक्यता होती. आताची खोट असली तर ती एका आकड्यात असेल, आणि आकडा बाहेरून दिसत नाही.

वैधमापनशास्त्र यंत्रणा दरवर्षी काटा पडताळते, मुद्रा मारते. प्रमाणित वजनं ठेवून आकडा बरोबर येतो का पाहिलं जातं. ही तपासणी हवीच. पण ती त्या दिवसाच्या आकड्याची तपासणी झाली. हंगामातल्या मध्यरात्रीच्या खेपेला तोच गुणक होता का, हे कसं कळावं?

गंमत अशी, की याचं उत्तरही चिपकडेच आहे. काही इंडिकेटरमध्ये एक मोजणी ठेवलेली असते. कॅलिब्रेशन बदललं की तो आकडा एकाने वाढतो, आणि तो मागे नेता येत नाही. आता एवढंच करा, की तो आकडा प्रत्येक वजनपावतीवर छापा. पडताळणीच्या दिवशी आकडा १४ होता आणि आजच्या पावतीवरही १४ आहे, तर गुणकाला कोणी हात लावलेला नाही. १५ झाला तर विचारा, का झाला. यासाठी शेतकऱ्याला डीएसपी शिकावं लागत नाही. दोन आकडे जुळवता आले की पुरे. कारखाना प्रामाणिक असेल तर त्यालाही हे हवंच असायला पाहिजे, कारण शंकेचा सर्वांत मोठा तोटा प्रामाणिक माणसालाच होतो.

एकाच चिपचा आग्रह धरावा का?

एक आक्षेप येऊ शकतो. ‘तुम्ही काळाला मागे नेताय. सगळं एका चिपवर येणं हीच प्रगतीची दिशा आहे.’ हे उत्तरासाठी आपल्याच पुणे जिल्ह्यात पाहू. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. सिग्नल प्रोसेसिंगचं एवढं मोठं काम आपल्या जिल्ह्यात दुसरीकडे नसेल. तिथे आधी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा एका वेळी हाताळला जायचा; सुधारणेनंतर तो ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला. हे एका डीएसपी चिपचं काम नव्हे. तिथे पुन्हा पुन्हा घडवता येणाऱ्या एफपीजीए चिप्स आणि जीपीयू बसवलेले संगणक मिळून हिशोब करतात. म्हणजे काम मोठं झालं की ‘एक’ हा आकडा पवित्र राहत नाही. आणि दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तिथे गणित वापरणाऱ्या संस्थेच्या हातात ते बदलण्याची मुभा आहे. दुर्बीण जुनी, अँटेना त्याच, आणि आकाश मात्र पूर्वीपेक्षा जास्त दिसतं.

पंपवाल्या शेतकऱ्याने कोड लिहावा, असं आम्ही म्हणत नाही. पण वापरणाऱ्याच्या बाजूला मुभा आली की काय होतं, याचा नमुना जिल्ह्यातच आहे, एवढंच दाखवायचं आहे.

मग मागायचं काय? पंपासाठी तीन साध्या गोष्टी. पहिली, पडद्यावर नुसता ‘ई-०७’ नको; बिघाड काय आहे ते मराठीत, निदान झाकणाच्या आत चिकटवलेल्या तक्त्यावर. दुसरी, पेटीचे दोन कप्पे करा. चिपचा कप्पा सीलबंद राहू द्या. पंखा, फ्यूज, कपॅसिटर हे झिजणारे भाग वेगळ्या कप्प्यात, गावातल्या कारागिराला हमी न मोडता बदलता येतील असे. तिसरी, पाच वर्षं संपली की त्या मॉडेलचा प्रोग्रॅम भरलेला बोर्ड तालुक्याच्या गावी विकत मिळाला पाहिजे. कोणाचं गुपित उघडं पडत नाही आणि पीकही वाळत नाही. आणि काट्यासाठी चौथी गोष्ट: कॅलिब्रेशनच्या मोजणीचा तो आकडा पावतीवर.

यातलं काहीही चिपच्या ताकदीबाहेरचं नाही. मराठीत दोन ओळी दाखवणं किंवा पावतीवर एक आकडा छापणं, हे सेकंदाला लाखो गुणाकार करणाऱ्याला जड जाईल का? अडचण चिपची नाही, मागणी कोणी केली नाही ही आहे. निविदा काढणाऱ्याच्या कागदात ही ओळ आली, की बनवणारा ती पुरी करतो.

विद्यार्थ्यांना शेवटी एवढंच सांगू. परीक्षेत ते सहा मुद्दे जरूर लिहा, ते बरोबर आहेत. पण बारामतीच्या एमआयडीसीत किंवा लोणी देवकरला उद्या तुम्ही असाच एखादा बोर्ड तयार करत असाल, तेव्हा सातवा मुद्दा स्वतःला विचारा: हा बोर्ड मे महिन्यात रात्री बंद पडला, तर बांधावर उभ्या माणसाला काय करता येईल? त्याचं उत्तर तुमच्या डिझाइनमध्ये असेल, तर पहिले सहा फायदे त्याच्यापर्यंत पोचतील.